आधी डोळा, मग हात

आपल्या देशात न्यूरोसर्जन, म्हणजे मेंदू आणि मणक्याचा सर्जन, होण्याची दोन दारं आहेत. पहिलं लांबच्या वाटेचं. साडेपाच वर्षांचं एम.बी.बी.एस., मग नीट-पीजी देऊन जनरल सर्जरीची तीन वर्षांची एम.एस., मग नीट-एसएस ही सुपरस्पेशालिटीची प्रवेशपरीक्षा देऊन आणखी तीन वर्षांची एम.सी.एच. ही पदवी. दुसरं दार एम.बी.बी.एस.नंतर थेट उघडतं. दिल्लीचं एम्स, बंगळुरूचं निम्हान्स अशा संस्थांमध्ये सहा वर्षांचा सलग अभ्यासक्रम असतो, आयएनआय-सीईटी या त्यांच्या वेगळ्या प्रवेशपरीक्षेतून. नॅशनल बोर्डाचाही असा सहा वर्षांचा मार्ग आहे. मी पहिल्या दारानं आले. मराठवाड्यातल्या सरकारी कॉलेजात एम.बी.बी.एस. आणि एम.एस., आणि मग मुंबईतल्या एका मोठ्या सार्वजनिक रुग्णालयात एम.सी.एच. या सगळ्या वर्षांत जी गोष्ट माझ्या मनात पक्की होत गेली ती सांगायला बसले आहे. न्यूरोसर्जरीत हात घडण्याच्या कितीतरी आधी डोळा घडावा लागतो. तो थिएटरात कमी आणि रात्रीच्या वॉर्डात जास्त घडतो. प्रवेश देताना मात्र त्या डोळ्याची दखल कुणीच घेत नाही.

नीट-एसएसचा पेपर आता दीडशे प्रश्नांचा, अडीच तासांचा. बरोबर उत्तराला चार गुण, चुकलं की एक वजा. मी परीक्षा दिली तेव्हा साठ टक्के प्रश्न आपण निवडलेल्या सुपरस्पेशालिटीचे असायचे आणि चाळीस टक्के मूळ शाखेचे, म्हणजे जनरल सर्जरीचे. २०२१मध्ये परीक्षा तोंडावर आलेली असताना संपूर्ण पेपर मूळ शाखेवर घ्यायचं ठरलं. विद्यार्थी सर्वोच्च न्यायालयात गेले. तरुण डॉक्टरांना सत्तेच्या खेळातला फुटबॉल समजू नका, असं न्यायालयानं सुनावलं आणि तो बदल एक वर्ष पुढे गेला. पण झाला. आता थायरॉइड, हर्निया, स्वादुपिंड यांच्यावरच्या प्रश्नांतून ठरतं, उद्या कवटी कोण उघडणार.

निकालानंतर ऑनलाइन काउन्सेलिंग. स्क्रीनवर शाखा आणि कॉलेजांची लांबलचक यादी, आपण पसंतीक्रम भरायचा. युरोलॉजी, प्लास्टिक, सर्जिकल गॅस्ट्रो, न्यूरो, सगळं एकाच यादीत. रँक जिथे थांबेल तिथे माणूस थांबतो. युरोलॉजी थोडक्यात हुकली म्हणून न्यूरोत आलेले मला भेटले आहेत, आणि त्यातले काही फार चांगले न्यूरोसर्जन झाले. पण काहींनी पहिल्याच पावसाळ्यात राजीनामा दिला. एक जागा वाया गेली, आणि ज्या पोराला ती मनापासून हवी होती तो दुसरीकडे कुठेतरी पित्ताशयं काढत बसला.

तरीही ही परीक्षा नको, असं मी कधीच म्हणणार नाही. माझ्या घरात कुणी डॉक्टर नव्हतं. शिफारसपत्र देईल असा एकही मोठा माणूस ओळखीचा नव्हता. मुलाखतीवर प्रवेश असते तर माझ्यासारखीला आत कुणी घेतलं असतं, याची मला शंका आहे. कॉम्प्युटरला माझं आडनाव, गाव, माझी बोलण्याची धाटणी यांच्याशी काही देणंघेणं नव्हतं, आणि त्याबद्दल मी त्याची आजन्म ऋणी आहे. अमेरिकेत वेगळी रीत आहे. तिथली रेसिडेन्सी सात वर्षांची. मेडिकलच्या शेवटच्या वर्षात असलेला विद्यार्थी ज्या विभागात जायचं आहे तिथे आणि आणखी एकदोन ठिकाणी महिना-महिना राबतो, सब-इंटर्नशिप म्हणतात तिला. मग शिफारसपत्रं, मुलाखती, आणि मार्चमध्ये मॅचचा, म्हणजे कोण कुठल्या विभागात जाणार याचा, निकाल. त्या पत्रांचा आणि ओळखीपाळखीचा भाग मला आपल्याकडे अजिबात नको. पण तो महिना हवा. त्या महिन्यात विभागाला पोरगं कळतं, आणि पोराला विभाग. रात्री तीन वाजता हा माणूस कसा वागतो हे दोघांनाही समजतं. आपल्याकडे ज्यानं आयुष्यात एकदाही न्यूरोच्या वॉर्डात रात्र काढलेली नाही असा उमेदवार पुढच्या तीन वर्षांचा, खरं तर तीस वर्षांचा, निर्णय लॅपटॉपसमोर बसून घेतो.

मला ती रात्र आधीच मिळाली, हे माझं नशीब.

एम.एस.ला होते. कारखान्यांचा हंगाम सुरू झालेला. ज्यांनी मराठवाड्यातले रस्ते त्या दिवसांत पाहिले आहेत त्यांना सांगायला नको. उसानं लादलेल्या ट्रॉल्या, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, आणि मोटारसायकलवरून घरी निघालेली पोरं, हेल्मेटशिवाय. असाच एक पोरगा कॅज्युअल्टीत आला. विशीतला. कानाच्या वर सूज, बाकी ठीकठाक. नाव सांगितलं, गाव सांगितलं, पाणी मागितलं, मोबाइल कुठंय म्हणून विचारलं. वॉर्डात घेतला, सी.टी.ला नंबर लावला. मी दुसऱ्या पेशंटचं पोट तपासत होते, तेवढ्यात वॉर्डातल्या मावशी आल्या. म्हणाल्या, "मॅडम, तो पोरगा मघाशी घडाघडा बोलत होता. आता घोरतोय. मला ते घोरणं बरं वाटत नाही." त्याचे भाऊ शेजारी निवांत बसले होते, दमलाय, झोपू दे म्हणत होते. मी टॉर्च मारला. उजवी बाहुली डावीपेक्षा मोठी, आणि उजेडाला हलेना.

एक्स्ट्राड्युरल हिमॅटोमा. कानाच्या वरचं हाड पातळ असतं आणि त्याला आतून चिकटून एक धमनी जाते. हाड तडकलं की ती फाटते, रक्त हाड आणि मेंदूचं आवरण यांच्यामध्ये साठायला लागतं. सुरुवातीचा मार ओसरून माणूस शुद्धीवर येतो, बोलतो, चालतोसुद्धा. मग साठलेलं रक्त मेंदूला बाजूला ढकलतं आणि तो पुन्हा बुडत जातो. मधल्या त्या काळाला ल्युसिड इंटर्व्हल म्हणतात. पुस्तकात ही दोन ओळींची गोष्ट आहे. त्या रात्री श्वासासाठी नळी टाकून, मेंदूवरचा दाब उतरवणारं मॅनिटॉल सुरू करून १०८च्या गाडीत त्याच्या उशाशी बसून मी दुसऱ्या शहरात गेले, तेव्हा त्या दोन ओळी किती लांब असतात ते कळलं. तिथल्या सरांनी कवटी उघडली, गोळा बाहेर काढला, धमनी जाळून बंद केली. मी कोपऱ्यात उभी होते. सगळं झाल्यावर सरांनी मला बोलावलं, पापणी उघडली आणि टॉर्च माझ्या हातात दिला. बाहुली लहान झाली होती.

सर्जनचा हात तर त्या रात्री मी पाहिलाच. पण तो पोरगा वाचला त्याची सुरुवात मावशींपासून झाली. जीसीएस, म्हणजे पेशंटच्या शुद्धीची गुणांत मोजणी, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. त्यांनी फक्त आधीचा पोरगा आणि आत्ताचा पोरगा यांत फरक पाहिला होता.

एम.सी.एच.च्या पहिल्या वर्षात मी नेमकं हेच शिकले. बाहेरच्या लोकांना वाटतं, न्यूरोसर्जरीची रेसिडेन्सी म्हणजे पहिल्या दिवसापासून मायक्रोस्कोप, ट्युमर, ॲन्युरिझम म्हणजे धमनीवरचा फुगा. प्रत्यक्षात पहिलं वर्ष टॉर्चचं असतं. तासातासाला बाहुल्या, तासातासाला जीसीएस. ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट यांनी १९७४मध्ये ही मोजणी मांडली. डोळे उघडणं, बोलणं आणि हालचाल, अनुक्रमे चार, पाच आणि सहा गुण, एकूण तीन ते पंधरा. इतकी सोपी की इंटर्नही पहिल्या दिवशी शिकतो, आणि इतकी अवघड की वर्षभर वॉर्डात राहिल्याशिवाय ती खरी येत नाही. आमच्या मॅडम फोनवर नुसता आकडा ऐकून घ्यायच्या नाहीत. "नऊ" म्हटलं की विचारायच्या, "कुठला नऊ?" एक पेशंट डोळे टक्क उघडे ठेवून आहे, आवाज नाही, चिमटा काढला की फक्त हात मागे घेतो. दुसरा चिमटा काढल्यावर कसाबसा डोळे उघडतो, कण्हतो, पण चिमटा काढणारा हात शोधून पकडतो. दोघेही नऊच: पहिला चार, एक, चार; दुसरा दोन, दोन, पाच. आजार वेगळे, त्यांचं पुढचं वेगळं, आणि रात्रीचा आपला निर्णयही वेगळा.

पंधराचा चौदा झाला की घाबरायला शीक, असं त्या सांगायच्या. जीसीएस पाचवर आल्यावर घाबरायला सगळ्यांनाच जमतं.

कारण कवटी बंद असते. आत मेंदू, रक्त आणि पाणी, तिघांसाठी मिळून ठरावीक जागा. एखादी गोष्ट वाढली तर दुसरीला बाहेर पडावं लागतं, आणि बाहेर पडायला जागा संपली की दाब एकदम चढतो. हळूहळू चढत नाही, हीच यातली मेख. दुपारपर्यंत बरा असलेला पेशंट संध्याकाळी एक उलटी करतो, रात्री जरा सुस्तावतो, आणि मग अर्ध्या तासात हातचा जातो. ती उलटी आणि ती सुस्ती ज्यानं पाहिली, त्याला वेळ मिळाला.

ईव्हीडीचंच बघा. मेंदूच्या पोकळीतलं पाणी तुंबलं की आम्ही बारीक नळी घालून ते बाहेरच्या पिशवीत काढतो. टीबीच्या मेनिंजायटिसची कितीतरी मुलं आमच्या वॉर्डात अशी नळी लावून असायची, शंटची, म्हणजे ते पाणी शरीरातच दुसरीकडे वळवणाऱ्या नळीची, वाट बघत. हे पाणी तासाला साधारण २० मिलि तयार होतं, दिवसाला जवळजवळ अर्धा लिटर. पिशवीची उंची कानाच्या भोकाच्या रेषेपासून मोजून लावलेली असते, त्या उंचीवर सगळा खेळ. आता वॉर्डबॉय मामा येतात, चादर बदलायला खाट वर करतात, ड्रेनची पिशवी होती तिथेच राहते. काही मिनिटांत भसाभस पाणी वाहून जातं, मेंदू खाली बसतो, वरच्या शिरा ताणतात. म्हणून मी मामांना, मावशींना, मुलांच्या आयांना, सगळ्यांना एक गोष्ट शिकवली: खाटेला हात लावायच्या आधी ड्रेन बंद. एका आईनं तर मलाच एकदा थांबवलं होतं. राउंडला मी खाटेचा दांडा फिरवायला वाकले आणि ती म्हणाली, "थांबा डॉक्टर, मी बंद करते आधी." तिनं केलंही नीट. अशा आया ही आमच्या सार्वजनिक रुग्णालयांची मोठी ताकद आहे, आणि तिची नोंद कुठल्याच रजिस्टरमध्ये होत नाही.

हात कधी शिकतो? हळूहळू, आणि मागच्या बाजूनं. आधी डोकं बसवायला शिकायचं. डोकं घट्ट धरणाऱ्या मेफिल्डच्या तीन पिना कुठे लावायच्या, मान किती वळवायची, गळ्यावरची शीर कुठे दुमडली तर नाही ना. ती दुमडली तर रक्त परत जात नाही, मेंदू फुगतो, आणि मग जगातला सर्वात कुशल सर्जनही चिमट्यानं फुगलेला मेंदू बाजूला करत बसतो. डोळे झाकलेत का, कोपराखाली गादी आहे का, टाचा टेकल्यात कुठे? ऑपरेशन आठ तास चालणार असेल तर या सगळ्याला आठ तासांनी गुणायचं. मी पहिल्या वर्षात शेकड्यानं डोकी बसवली आणि कातडी शिवली. मधलं सगळं सिनियर करायचे. त्या वेळी जीव तुटायचा. आता स्वतः ऑपरेशन करते तेव्हा पहिली वीस मिनिटं मी स्वतः उभी राहते, डोकं स्वतः बसवते, आणि मगच हात धुवायला जाते.

मग बर होल, म्हणजे कवटीला पाडायचं भोक, मग क्रॉनिक सबड्युरल, म्हणजे मेंदूच्या आवरणाखाली साठलेलं जुनं रक्त काढणं, मग कवटीचा तुकडा उघडणं, ड्युरा, म्हणजे ते आवरण, हाडाला टाक्यांनी टांगणं. ड्रिल मिळालं नाही त्या रात्री हडसन ब्रेस या हातानं फिरवायच्या गिरमिटानं भोकं पाडून गिगलीच्या तारेनं हाड कापणं. आजच्या पोरांना ती तार जुनाट वाटते, पण जिल्ह्याच्या ठिकाणी जाणाऱ्यानं ती हातात बसवलीच पाहिजे. मायक्रोस्कोप यायला बराच वेळ लागला. त्याच्या आधी सुट्टीच्या दुपारी खाटकाकडून बकऱ्याची मुंडकी आणून हाड घासायचो. कोंबडीच्या पंखात एक धमनी असते, जेमतेम एक मिलिमीटरची. ती सोडवायची, कापायची आणि दहा-शून्यच्या नायलॉननं पुन्हा जोडायची. दहा-शून्यचा धागा नुसत्या डोळ्यांना धड दिसत नाही. कॉलेजबाहेरचा चिकनवाला आम्हाला पंख बाजूला काढून ठेवायचा, आणि कशाला हवेत ते कळल्यावर पैसे घ्यायचा बंद झाला.

ही परंपरा आपल्याकडे फार जुनी नाही, म्हणून ती मला जवळची वाटते. जेकब चांडी माँट्रियलला पेनफिल्ड या नामवंत न्यूरोसर्जनकडे शिकून आले आणि १९४९मध्ये वेल्लोरच्या सी.एम.सी.त त्यांनी देशातला पहिला न्यूरोसर्जरी विभाग उभा केला. दोन वर्षांत, १९५१मध्ये, न्यूरॉलॉजिकल सोसायटी ऑफ इंडिया स्थापन झाली. संस्थापक चौघं: चांडी, मद्रासचे बी. राममूर्ती आणि एस. टी. नरसिंहन, आणि बलदेव सिंग. म्हणजे आजचे ज्येष्ठ ज्यांच्या हाताखाली शिकले ती माणसं पहिल्याच पिढीतली. मुंबईत परळच्या के.ई.एम.ला होमी दस्तूर यांनी विभाग वाढवला. त्याच के.ई.एम.च्या अतुल गोयल यांनी मानेच्या पहिल्या दोन मणक्यांचा सांधा प्लेट आणि स्क्रूनं बसवण्याची पद्धत १९९४मध्ये प्रसिद्ध केली. आज ती जगभर वापरली जाते. महापालिकेच्या रुग्णालयातून ती यावी यात मला नवल वाटत नाही. उत्तर प्रदेश-बिहारकडून मान सरकलेले, हातापायातली ताकद जात चाललेले पेशंट रेल्वेनं मुंबईला येत राहिले, आणि कुणीतरी त्यांच्या सांध्यांकडे वर्षानुवर्षं टक लावून पाहत राहिलं. त्यातून ते निघालं.

आणि टी. एस. कनका. मद्रासला त्यांनी १९६८मध्ये न्यूरोसर्जरीची एम.सी.एच. मिळवली, भारतातल्या पहिल्या महिला न्यूरोसर्जन. मी रुजू झाले तेव्हा आमच्या थिएटरात बायकांसाठी वेगळी चेंजिंग रूम नव्हती, सिस्टरांच्या खोलीत कपडे बदलायचे. तेव्हा कनकाबाईंचा विचार मनात यायचा. मला "एवढ्या बारक्या हातांनी ड्रिल धरणार का?" असं विचारणारेही भेटले. ड्रिल धरायला ताकद लागत नाही, मनगट टेकवायला जागा लागते. हे मी त्यांना तोंडानं सांगितलं नाही, करून दाखवलं.

नातेवाइकांशी बोलणं हासुद्धा शिकण्याचा भाग आहे, पण तो शिकवत कुणीच नाही. मेंदूला मार बसून दाब औषधांनी उतरत नसेल तर कवटीचा मोठा तुकडा काढून ठेवावा लागतो. हे हाड पेशंटच्याच पोटाच्या कातडीखाली सांभाळून ठेवतात, काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी परत बसवायला. "हाड पोटात ठेवलंय" हे ऐकून हबकणारी माणसं मी रोज पाहिली. पण त्याहून अवघड दुसरी गोष्ट आहे. या ऑपरेशनवर एक मोठा आंतरराष्ट्रीय अभ्यास झाला, रेस्क्यू-आयसीपी, २०१६ साली निष्कर्ष आले. सहा महिन्यांनी औषधांवर ठेवलेल्यांपैकी जवळजवळ ४९ टक्के दगावले होते, ऑपरेशन केलेल्यांपैकी सुमारे २७ टक्के. पण जगले तरी भानावर न आलेल्यांचं प्रमाण औषधांच्या गटात दोन टक्के होतं, तर ऑपरेशनच्या गटात साडेआठ. म्हणजे ऑपरेशन जीव वाचवतं, आणि वाचवलेल्यांपैकी काहींना अशा जागी नेऊन ठेवतं जिथून ते परत येत नाहीत. आता हे रात्री दोन वाजता, कॉरिडॉरमध्ये, नाशिकजवळच्या शेतातून धावत आलेल्या बापाला सांगायचं. "वाचेल का?" तो विचारतो. मी त्याला दोन्ही गोष्टी सांगते. वाचण्याची शक्यता वाढेल, आणि वाचला तर घरी कसा येईल ते आज कुणालाच सांगता येणार नाही, कदाचित अंथरुणावर राहील. मग मी गप्प बसते आणि त्याला विचार करू देते, फोन करायचा असेल तर करू देते. घाईघाईनं सही घेण्याची सवय मला वाईट वाटते, मग ती कितीही दमल्या अवस्थेतून आलेली असो.

कधी कधी दुसरं संभाषण करावं लागतं. मेंदू मृत झाला आहे हे दोनदा, किमान सहा तासांच्या अंतरानं तपासून ठरवलेलं असतं, १९९४च्या कायद्याप्रमाणे. हृदय मात्र अजून चालू असतं. घरच्यांना छाती वरखाली होताना दिसते. त्या वेळी अवयवदानाचा विषय काढायचा. असा विषय काढल्यावर "घ्या, कुणाचं तरी भलं होईल" म्हणणारी सर्वात गरीब माणसं मी पाहिली आहेत. त्यांच्यापुढे मला नेहमी हात जोडावेसे वाटले.

ड्युटीच्या तासांबद्दलही लिहायला हवं. १९९२च्या केंद्रीय निवासी योजनेत सलग बारा तासांहून जास्त काम सर्वसाधारणपणे नको असं म्हटलं होतं. २०२४मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृती दलानं आठवड्याला ७४ तासांची मर्यादा सुचवली. इमर्जन्सीच्या दिवशी सकाळी राउंडला उभा राहिलेला रेसिडेंट दुसऱ्या दिवशीच्या रात्रीपर्यंत उभाच असतो, हे ज्यांनी केलंय त्यांना माहीत आहे. त्यात जन आरोग्य योजनेचे प्री-ऑथचे, म्हणजे आधी मंजुरी घेण्याचे, फॉर्म, पेशंटचे फोटो, रेशन कार्डाच्या झेरॉक्स, रक्तपेढीच्या फेऱ्या, हेही त्याच्याच माथी. "आम्ही केलं, तुम्हीही करा" हे उत्तर मला मान्य नाही. थकलेला डोळा चौदा आणि पंधरातला फरक पाहू शकत नाही, आणि तो फरक पाहणं हेच या कामाचं मूळ आहे. ड्युटी छोटी करा आणि ओव्हर, म्हणजे ड्युटी बदलताना पेशंट सोपवणं, मोठी करा, असं माझं म्हणणं आहे. पेशंट सोपवताना दोघांनी मिळून प्रत्येक खाटेपाशी जावं, दोघांनी मिळून बाहुल्या पाहाव्यात. वीस पेशंटना पाऊण तास लागतो. तो पाऊण तास ड्युटीत मोजला गेला पाहिजे.

एम.सी.एच. झाल्यावर महाराष्ट्रात एक वर्षाची बंधपत्रित सेवा असते, नाही केली तर दोन कोटींचा दंड. बरेचजण ती कटकट म्हणून उरकतात. मला ते वर्ष हवं होतं. सबड्युरल हिमॅटोमाबद्दल १९८१ साली सीलिग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक निरीक्षण मांडलं होतं. दुखापतीनंतर चार तासांच्या आत ऑपरेशन झालेल्यांपैकी तीस टक्के दगावले, चार तासांनंतर झालेल्यांपैकी नव्वद. नंतरच्या अभ्यासांत हे आकडे इतके टोकाचे आले नाहीत, पण ते चार तास माझ्या डोक्यातून कधी गेले नाहीत. मराठवाड्यातल्या कितीतरी तालुक्यांतून, सी.टी. आणि गाडी यांची वाट बघण्यासकट, न्यूरोसर्जनपर्यंत पोचायला त्याहून जास्त वेळ लागतो.

म्हणून मी परत आले. आता एका जिल्ह्याच्या सरकारी मेडिकल कॉलेजात आहे. आमच्याकडे एम.सी.एच.च्या जागा नाहीत. त्यासाठी लागणारे शिक्षक, खाटा, मायक्रोस्कोप जमवायचे आहेत. तोवर जनरल सर्जरीच्या रेसिडेंटांना मी महिनाभर न्यूरोच्या पाळीला घेते, रात्रीच्या ड्युट्यांसकट. टॉर्च, ड्रेन, ओव्हर. गिगलीची तारही. पुढे ते कुठल्याही शाखेत गेले तरी जिल्ह्यात कुठेतरी बसतील, आणि घोरणारा पोरगा त्यांच्यासमोर येणारच आहे. केस पेपरवर जीसीएसचा नुसता आकडा लिहिलेला दिसला की मी तो तीन भागांत फोडून परत लिहायला लावते. आता कॅज्युअल्टीचे इंटर्नही तसंच लिहायला लागलेत.

या वर्षी त्यांच्यातले दोघं नीट-एसएस देत आहेत. एकाला न्यूरोचं फार आकर्षण होतं, महिना संपल्यावर तो येऊन म्हणाला, मॅडम, मी युरोलॉजीच पहिली टाकतो. मला बरं वाटलं. तीन वर्षांनी कळण्यापेक्षा तीस रात्रींत कळलं. दुसरी हिंगोलीकडची आहे, ती न्यूरोच घेणार. रविवारी ती कॉलेजांची यादी घेऊन येणार आहे. कुठे महिन्याला किती ट्युमर होतात, कुठे नवा मायक्रोस्कोप आला, हे तिनं सगळं काढून ठेवलंय. मी तिला आणखी दोन गोष्टी काढायला सांगितल्या आहेत: इमर्जन्सीच्या रात्री लेक्चरर स्वतः वॉर्डात असतो का, आणि पहिल्या वर्षाचा रेसिडेंट फोन करतो तेव्हा त्याला "कुठला नऊ?" असं विचारणारं कुणी आहे का. त्यासाठी तिथल्या सध्याच्या पोरांना फोन करावे लागतील. तिनं सुरुवात केली आहे.